बरं झालेलं यीस्ट

लिडिया तुस्कानोच्या पीएचडीला आठवं वर्ष लागलं, तोवर कॉलेजातल्या लोकांनी त्याबद्दल विचारणं सोडून दिलं होतं. पहिली दोन-तीन वर्षं स्टाफरूममध्ये कोणी ना कोणी विचारायचं, "काय मॅडम, कुठवर आलं?" मग "अजून चालू आहे का?" असं विचारू लागले. पुढे तेही बंद झालं. ज्यांना विषय ठाऊक होता त्यांच्या डोक्यात यीस्ट एवढाच शब्द राहिला होता, आणि नाताळ जवळ आला की ते हमखास म्हणायचे, "मॅडम, तुमचा केक काय फुगत असेल!" लिडियाने जन्मात केक केला नव्हता. पहिल्या वर्षी तिने हे हसून सांगितलं होतं. नंतर ती नुसती मान हलवायची आणि हजेरीपट उचलून वर्गावर जायची.

ती वसईजवळच्या गास गावची. नवरा बॅप्टिस्ट तिथेच वाडीत केळी आणि भाजी करायचा. ती स्कूटरवरून वसईला कॉलेजात यायची, तिसऱ्या मजल्यावरच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत. आठवड्याला सोळा तास, शिवाय परीक्षा, पेपर तपासणं, कसल्या कसल्या समित्या. यातून उरलेल्या वेळात तिचं संशोधन. मार्गदर्शक डॉ. दिनानाथ पेडणेकर मुंबईला विद्यापीठात. त्यांना निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं, आणि विद्यापीठाने लिडियाला दिलेली मुदतवाढ शेवटची होती.

तिचा विषय ऐकायला रुक्ष वाटायचा, पण ती वर्गात शिकवायची तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा ऐकायची. यीस्टच्या पेशीला आपण खातो ती साखर सबंध गिळता येत नाही. ती आधी बाहेरच तोडावी लागते, आणि तोडणारं प्रथिन तर पेशीच्या पोटात तयार होतं. मग ते बाहेर जातं कसं? आत पडद्यांचं एक जाळं असतं, त्यात ते शिरतं, त्याची नीट घडी बसते. त्या पडद्याला फुगा येतो, फुगा सुटून इवलीशी पिशवी होते, पिशवी पुढच्या थांब्यावर जाते, तिथून आणखी एक पिशवी, आणि शेवटची पिशवी पेशीच्या कडेला चिकटून बाहेर रिकामी होते. लिडियाकडच्या यीस्टमध्ये या वाटेवर एक उपजत दोष होता. चोवीस अंशांना त्याचं सगळं सुरळीत चाले. सदतीस अंशांना पहिली पिशवीच सुटत नसे. प्रथिन तयार होई आणि जाळ्यात अडकून पडे. पेशीची वाढही थांबे, कारण नवी भिंत आणि नवा पडदा बांधायचं सामानही त्याच वाटेने जातं.

लिडियाला पाहायचं होतं ते हे: एक तास, दोन तास, चार तास अडकून पडलेलं प्रथिन, पुन्हा गारवा मिळाला तर बाहेर येतं का? येतं तर किती? आणि कुठल्या तासानंतर ते कायमचं आतच राहतं? सहा वर्षांत बरंच काम झालं होतं. शेवटची मालिका तेवढी उरली होती, चार ते आठ तासांची.

वसईत एखादी वस्तू चोवीस अंशांवर ठेवायची म्हणजे केवढा खटाटोप, हे दिनानाथ सरांना मुंबईच्या वातानुकूलित खोलीत बसून कधी कळलं नाही. तिसरा मजला, वर गच्ची, पश्चिमेचं ऊन. त्या खोलीत कॉम्प्रेसर लावलेला एक जुना इन्क्युबेटर होता, तो दिवसरात्र घरघरत असायचा. त्याची काळजी हरेश्वर घ्यायचे. हरेश्वर प्रयोगशाळेचे परिचर, नायगावच्या खाडीकाठच्या शेतकरी घरातले, बत्तीस वर्षं नोकरी झालेली. सगळे त्यांना मामा म्हणत. सकाळी आल्या आल्या इन्क्युबेटरच्या आतल्या थर्मामीटरचा आकडा वहीत लिहायचा, हे त्यांचं पहिलं काम. बाहेरच्या दिव्यांच्या आकड्यावर त्यांचा विश्वास नव्हता.

त्या वर्षी मे महिन्यात लोकसभेची निवडणूक होती. लिडियाला निवडणुकीच्या कामाचं पत्र आलं. जाण्यापूर्वी तिने चौदा नळ्यांमध्ये आपलं यीस्ट नव्याने लावलं, इन्क्युबेटरमध्ये ठेवलं आणि हरेश्वरांना सांगितलं, "मामा, दोन दिवसांनी वाढ दिसली की या नळ्या फ्रीजमध्ये टाका. जुन्या तिथेच राहू देत."

"टाकतो मॅडम. तुम्ही जा निर्धास्त."

बारा दिवसांनी ती परतली. नळ्या फ्रीजमध्ये होत्या, भरगच्च वाढलेल्या. जुन्या नळ्या मात्र सुकून गेल्या होत्या आणि त्यांवर हिरवी बुरशी धरली होती. जुन्याच त्या, तिने फेकून दिल्या. इन्क्युबेटरवर चोवीसचा आकडा लाल दिव्यांत झळकत होता. भिंतींना नवा रंग लागला होता आणि खोलीभर त्याचा वास होता.

जूनमध्ये तिने शेवटची मालिका सुरू केली. पद्धत हातात बसलेली. पेशी सदतीस अंशांना ठेवायच्या, मग त्यांचे दोन वाटे करायचे. एका वाट्यातल्या पेशी अखंड, दुसऱ्यातल्या फोडलेल्या. दोन्हींत साखरेचं पाणी घालायचं, मग रंगाचं रसायन टाकून उकळायचं. साखर तुटली असेल तर नारिंगी रंग येतो, नाहीतर पिवळाच राहतो. फोडलेल्या पेशींची नळी नारिंगी व्हायला हवी आणि अखंड पेशींची पिवळी, कारण प्रथिन आत अडकलेलं. सहा वर्षं ती हेच पाहत आली होती.

या वेळी दोन्ही नळ्या नारिंगी झाल्या.

तिला वाटलं पेशी धुताना हात जड पडला आणि त्या फुटल्या. पुन्हा केलं, पुन्हा नारिंगी. रसायन शिळं झालं असेल म्हणून नवं बनवलं. साखरेची बाटली बदलली. मग तिचा संशय गरम पाण्याच्या टाकीवर गेला.

"मामा, ही टाकी सदतीसच्या खाली राहतेय."

हरेश्वरांनी दोन थर्मामीटर आणून बुडवले, पाच मिनिटं उभे राहिले. "पानी बरोबर सदतीसच हाय मॅडम. दोन्ही तेच दाखवतात."

"मग तुमचे थर्मामीटर चुकीचे असतील."

दुसऱ्या दिवशी त्यांनी भौतिकशास्त्राच्या खोलीतून तिसरा थर्मामीटर मागून आणला. तोही सदतीसच म्हणाला.

असे पाच आठवडे गेले. रोज दोन ते पाच वर्ग, मग प्रयोग, मग सात वाजता अंधारलेल्या जिन्याने खाली उतरायचं, आणि हातात काय, तर दोन नारिंगी नळ्या. घरी गेल्यावर जेवणात लक्ष नसायचं. एकदा बॅप्टिस्टने ताटात दुसऱ्यांदा भात वाढला तरी तिला कळलं नाही. शेवटी एका शनिवारी तिने जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. चौदाही नळ्यांतलं यीस्ट एका प्लेटवर रेघा ओढून लावलं आणि प्लेट सरळ सदतीस अंशांना ठेवली. तिचं यीस्ट असतं तर प्लेट कोरीच राहायला हवी होती. सोमवारी सकाळी झाकण उघडलं तर चौदाही रेघा लोण्यासारख्या पांढऱ्या, टपोऱ्या वाढलेल्या.

यीस्ट बरं झालं होतं.

काय घडलं असेल ते कळायला तिला वेळ लागला नाही. कोट्यवधी पेशींत एखादी अशी निघतेच की जिच्यात आपोआप बदल होऊन दोष मिटतो. गारव्यात ती बाकीच्यांत हरवून जाते. पण नळ्या उष्ण राहिल्या तर बाकीच्या थांबतात आणि तीच एकटी वाढते, सगळी नळी भरून टाकते. म्हणजे नळ्या तापल्या होत्या. कधी? इन्क्युबेटर तर चालू होता. तिने तो पुढे ओढला आणि मागची पिन काढली. पिनेच्या पितळी दांड्यांवर पांढऱ्या रंगाचे थेंब वाळलेले होते. भिंत रंगवताना पिन बोर्डाबाहेर असल्याशिवाय तिथे रंग पोचणं शक्य नव्हतं. शेजारच्या फ्रीजची पिनही तशीच.

टी.वाय.ची मुलं तेवढ्यात प्रॅक्टिकलला आत येत होती. हरेश्वर ट्रे घेऊन मागोमाग आले. लिडियाने पिन त्यांच्यासमोर धरली.

"हे काय आहे मामा?"

त्यांनी पाहिलं. चेहरा उतरला.

"तुम्ही होतात ना इथे? मी तुमच्या भरवशावर ठेवून गेले होते! रोज आकडा लिहिता ना वहीत? दाखवा मला मे महिन्याची वही!"

वही आली. मे महिन्यातले नऊ दिवस कोरे होते.

"नऊ दिवस! सहा वर्षांचं काम गेलं माझं. तुम्हाला पगार कशाचा देतात?"

पंचवीस मुलं उभी होती. हरेश्वर एवढंच म्हणाले, "मॅडम, मला हापिसानं..." पण लिडियाने ऐकलं नाही. ती तशीच कार्यालयात गेली आणि प्राचार्यांच्या नावाने पानभर तक्रार लिहून शिक्का मारून घेतला. चार दिवसांत हरेश्वरांना मेमो निघाला. सेवापुस्तकात नोंद झाली. कॉलेजात एरवी एखाद्या कागदाला सही मिळायला महिना जायचा, हा मात्र चार दिवसांत निघाला.

खरी हकीकत तिला पुढच्या आठवड्यात कळली, तीही रंगाऱ्याच्या माणसाकडून. तो उरलेले डबे न्यायला आला होता. भिंत घासायच्या यंत्राला जागा हवी म्हणून त्यानेच पिना काढल्या होत्या, आणि काम संपल्यावर पुन्हा लावून टाकल्या होत्या. "इधर कागज चिपकाया था किसीने," तो म्हणाला, "पेंट के लिए निकालना पडा." कागद अजून गच्चीच्या जिन्याखाली कचऱ्यात होता. हरेश्वरांच्या ठळक अक्षरात लिहिलेलं: पिन काढू नये, मॅडमचे काम चालू आहे. त्या नऊ दिवसांत हरेश्वरांना कार्यालयाने निवडणुकीच्या पेट्या उतरवायच्या कामाला दुसऱ्या इमारतीत धाडलं होतं. संध्याकाळी ते वर यायचे तर रंगाऱ्याने खोलीला कुलूप लावलेलं असायचं. किल्ली मिळाली त्याच दिवशी त्यांनी वाढलेल्या नळ्या पाहून त्या फ्रीजमध्ये टाकल्या. तोवर दोन्ही पिना जागेवर आल्या होत्या.

लिडिया कागद घेऊन कार्यालयात गेली. अधीक्षक शांतपणे म्हणाले, "मॅडम, तक्रार तुमची, सही तुमची. नोंद झालेला मेमो असा मागे घेता येत नाही. संचालक मंडळाकडे अर्ज करा."

"चूक माझी होती, हे मी लिहून देतेय ना!"

"द्या. अर्जाला जोडा."

तिने अर्ज केला. प्रयोगशाळेत हरेश्वरांना म्हणाली, "मामा, मी चुकले. अर्ज दिलाय." ते बाटल्या पुसत होते. "बरं मॅडम," म्हणाले, आणि बाटल्या पुसत राहिले. त्यांचं काम पहिल्यासारखंच चोख होतं. फक्त पूर्वी दुपारच्या चहाला ते तिच्या टेबलाशी दोन मिनिटं थांबायचे, ते बंद झालं.

दिनानाथ सरांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "आमच्याकडे यीस्टची मूळ कुपी असेल. कौस्तुभला बघायला सांगतो." कौस्तुभ हा त्यांचा तरुण विद्यार्थी. त्याने दोन दिवस गोठणपेट्या उपसल्या. एक कुपी मिळाली, पण तिच्यातलं काही जगलं नव्हतं. परदेशातून पुन्हा मागवायचं तर पहिल्या वेळी परवानगीला अकरा महिने लागले होते. मुदत संपायला सात महिने होते.

त्या संध्याकाळी ती घरी आली ती पायऱ्यांवरच बसली. बॅप्टिस्ट केळीचे घड मोजून आत आला.

"काय झालं?"

तिने सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि मग आपल्या भाबड्या तऱ्हेने म्हणाला, "म्हणजे तुझं यीस्ट आजारी होतं ते बरं झालं. मग रडायचं कशाला?"

लिडियाने हातातली स्कूटरची किल्ली अंगणात भिरकावली. ती शोधायला दोघांना अर्धा तास लागला.

सगळं सोडून द्यायचं, असं तिने दोनदा ठरवलं. पण चौदापैकी एखाद्या नळीत जुन्या पेशी जिवंत असतील, या वेड्या आशेवर ती प्रत्येक नळी तपासत राहिली. जुन्या पेशी कुठेच सापडल्या नाहीत. पण तपासताना एक गोष्ट खटकली. तेरा नळ्यांमधलं यीस्ट सदतीस अंशांना अगदी निरोगी यीस्टासारखं वाढत होतं. नऊ नंबरच्या नळीतलं मात्र वाढायचं, पण रेंगाळत. अखंड पेशींचा रंग नारिंगी यायचा, पण फिका. तेराजणांत मूळ दोषच दुरुस्त झाला असावा. नऊ नंबरमध्ये दोष तसाच असून दुसरीकडेच कुठे काही बदललं असेल तर?

हे ओळखायची एक रीत आहे. त्या यीस्टाचा निरोगी यीस्टाशी संकर करायचा आणि पुढची पिढी तपासायची. दोष खरोखर मिटला असेल तर संततीत कोणीच आजारी निघणार नाही. दोष लपून राहिला असेल तर साधारण चौथा हिस्सा पुन्हा सदतीस अंशांना अडकेल. कौस्तुभने संकरासाठी यीस्ट पाठवलं. लिडियाने ते मिसळलं, उपाशी ठेवून बीजाणू धरवले, ईथर घालून बाकीच्या पेशी मारल्या. बीजाणू ईथरने मरत नाहीत. त्या वासाने तिचं डोकं चार दिवस ठणकत होतं. एका प्लेटवरच्या पेशींच्या वसाहती जशाच्या तशा दुसऱ्या प्लेटवर उमटवायला निर्जंतुक मखमल लागते, ठसा घ्यायला. ती तिने सोपाऱ्याच्या बाजारातून आणली, आणि हरेश्वरांनी काही न विचारता तिचे चौकोन कापून, कडा दुमडून, कागदात बांधून ऑटोक्लेव्हच्या वाफेतून काढून टेबलावर ठेवले.

तेरा नळ्यांच्या संततीत एकही आजारी नव्हता. नऊ नंबरच्या दोनशे सोळा वसाहतींपैकी एक्कावन्न सदतीस अंशांना वाढल्या नाहीत. तिने तीनदा मोजल्या. मग हरेश्वरांना मोजायला सांगितल्या.

"एक्कावन," ते म्हणाले.

या एक्कावन्न वसाहतींत तिचं जुनं यीस्ट परत आलं होतं, निदान त्याचा दोष तरी. पण संकरातून आलेल्या पेशींची आधीच्या सहा वर्षांच्या आकड्यांशी तुलना करायची तर सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं. तेवढा वेळ नव्हता. हातात होती ती नऊ नंबरची नळी.

कौस्तुभने तिची मुंबईत आणखी एक परीक्षा केली. पडद्यांच्या जाळ्यात राहून इतर प्रथिनांना घडी घालणारं एक प्रथिन असतं. ते कधी पेशीबाहेर पडत नाही. नऊ नंबरचं यीस्ट ज्या पाण्यात वाढवलं त्या पाण्यात ते सापडलं.

सरांनी तिला मुंबईला बोलावलं. "दोष तसाच आहे," ते म्हणाले. "दुसऱ्या जागी आणखी एक बिघाड झालाय. त्यामुळे पडद्याला बाक यायला सोपं जातं, पिशव्या कशाबशा सुटतात. पण बाहेर काय जावं आणि काय आत राहावं ही तपासणी ढिली पडलीय. सुंदर काम आहे, लिडिया."

तिचा चेहरा फुलला. क्षणभरच.

"फक्त एक आहे. अशा तऱ्हेचे बिघाड नव्वदीच्या दशकातच सापडलेत. तुझा त्यांपैकीच एखादा असणार."

"म्हणजे नवीन काहीच नाही?"

"प्रबंधाला पुरेसं आहे."

"पुरेसं," ती म्हणाली. वसईपर्यंत गाडीत तिच्या डोक्यात तोच शब्द घुमत राहिला.

मग शीर्षक. नोंदणी झालेल्या शीर्षकात अडकलेलं प्रथिन परत सुटण्याचा अभ्यास असं होतं, आणि आता हातात दुसरंच काही. शीर्षक बदलायला समितीची मान्यता लागते. समितीची बैठक दोनदा पुढे गेली. तिसऱ्यांदा झाली तेव्हा एका सदस्याने विचारलं, "पण मूळ विषय का सोडला?" लिडियाने सांगितलं. सदस्याने मान हलवून लिहिलं, किरकोळ बदल मान्य.

प्रबंध लिहिताना सर म्हणाले, "पद्धतीत असं लिही की पेशी सदतीस अंशांना ठेवून बऱ्या झालेल्या निवडल्या. सगळे असंच करतात."

"मी तसं केलं नाही, सर. पिन काढलेली होती. खोलीत किती अंश होते मला ठाऊक नाही."

"प्रबंधात पिन लिहिणार आहेस?"

तिने पिन लिहिली नाही, पण 'तापमानाची नोंद नाही' हे लिहिलं. मुदत संपायच्या आदल्या दिवशी पाच प्रती जमा केल्या. तोंडी परीक्षेला पुढे आठ महिने लागले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तासभर विचारलं, आणि त्यातली वीस मिनिटं त्या एका ओळीवर गेली. नोंद का नाही? तिने सगळं सांगितलं: निवडणूक, रंगारी, कागद. परीक्षक थोडे हसले आणि म्हणाले, "तुमच्या परिचरांनी कागद लावला होता हे चांगलं केलं." लिडिया डॉक्टर झाली. त्या दिवशी तिला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. तिला आठवतं ते एवढंच, की त्या आठ महिन्यांत कौस्तुभ दुसऱ्या कामाला लागला होता, सर निवृत्त झाले होते आणि अभिनंदन करायला खोलीबाहेर चहावाला तेवढा उभा होता.

मेमोचा अर्ज सव्वा वर्ष फिरत होता. शेवटी मंडळाने ठराव केला: मूळ नोंद कायम, तिच्याखाली 'तक्रारदाराने तक्रार मागे घेतली' असा शेरा. लिडिया अधीक्षकांशी भांडली. प्राचार्यांशी भांडली. "काय फरक पडतो मॅडम," प्राचार्य म्हणाले, "पेन्शनला काही धोका नाही." ऑक्टोबरच्या शेवटी हरेश्वर निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात लिडियाने बोलायला नाव दिलं होतं. तिने सुरुवात केली, "गेल्या वर्षी मुलांसमोर मी मामांना जे बोलले..." आणि प्राचार्यांनी घड्याळ दाखवून हात पुढे केला. "मॅडम, गोड आठवणी सांगा. वेळ कमी आहे." माईक पुढच्या वक्त्याकडे गेला. हरेश्वर शाल मांडीवर घेऊन समोर पाहत बसले होते.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर ती स्कूटरवरून नायगावला गेली. खाडीपलीकडे नवे टॉवर उभे, अलीकडे कापलेल्या भाताचे पेंढे. हरेश्वर अंगणात भारे रचत होते. त्यांची बायको बायजा सूप घेऊन बसली होती. लिडियाला पाहून ती लगबगीने उठली, खुर्ची आणली.

लिडिया बसली नाही. उभ्या उभ्याच, पाठ केल्यासारखी बोलली. "वहिनी, मला तुमच्यासमोर सांगायचंय. मामांचा काही दोष नव्हता. मी रागात तक्रार केली, सगळ्या मुलांसमोर नको ते बोलले, आणि माझ्यामुळे त्यांना मेमो मिळाला. तो मी काढून घेऊ शकले नाही. मला माफ करा."

बायजाने सूप खाली ठेवलं. "मेमो? कसला मेमो?"

लिडियाने हरेश्वरांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"कदी?" बायजाने विचारलं.

"गेल्या... गेल्याच्या गेल्या वर्षी नव्हे, गेल्या वर्षी. जुलैत."

"म्हनजे तुमी रातभर जागे र्‍हायचे, जेवन जायचं नाय, ते यापायी?" बायजा नवऱ्याकडे वळली. "मला काय सांगितलंत? डॉक्टरनं शुगर सांगितली! सवा वरीस मी तुमाला बिनसाखरेचा चाय पाजला! घरात गोड केलं नाय, दिवालीला करंज्या केल्या नाय, पोरांना वरडले!"

"अगं, तुला कशाला तरास..."

"बत्तीस वर्सात एक दिस उशीर केला नाय, आनि मेमो!" ती आत गेली. आतून भांड्यांचे आवाज येऊ लागले. चहा काही आला नाही.

लिडिया अंगणात तशीच उभी राहिली. सव्वा वर्ष ती हेच बोलायला धडपडत होती, आणि बोलली ते हे असं. हरेश्वर तिच्याबरोबर रस्त्यापर्यंत आले. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात चीड आली.

"कशाला बोलल्या मॅडम? मी घरी काय आनलं नव्हतं. आता ही महिनाभर बोलनार नाय माझ्याशी."

"मला वाटलं तुम्हाला..."

"हे त्या पोरांसमोर बोलायला हवं होतं तुम्ही. तवाच. ती पोरं गेली पास होऊन."

ते खरं होतं. तिने स्कूटर वळवली. हरेश्वरांनी मागचा दांडा धरून ती चिखलातून रस्त्यावर घेतली, जशी ते कॉलेजात पावसाळ्यात घ्यायचे.

"नल्या दर दोन महिन्यांनी बदला," ते म्हणाले. "नवीन मानूस विसरंल."

"बदलेन."

"आनि बाहेरचा आकडा बघू नका."

ते वळले. घराच्या दारात बायजा कमरेवर हात ठेवून उभी होती, आणि हरेश्वर सावकाश, जितक्या सावकाश चालता येईल तितक्या सावकाश, अंगणाकडे निघाले.